निरोप जमिनीला टेकतो तिथे

वारा पश्चिमेकडचा असला की मुंबईला उतरणारी विमानं आमच्या बाजूने धावपट्टीकडे वळतात. मांजर्लीतल्या आमच्या गच्चीवर संध्याकाळी उभं राहिलं तर दक्षिणेला, माथेरानच्या डोंगराच्या वरच्या अंगाला, एकामागून एक दिवे खाली सरकताना दिसतात. उल्हास नदीवरून गार वारा येत असतो, बदलापूर स्टेशनातली घोषणा तुटक तुटक कानावर येते, आणि ते दिवे गुपचूप पश्चिमेकडे निघून जातात.

२०२५च्या जानेवारीतली अशीच एक संध्याकाळ. पुतणी दिल्लीहून येत होती. मी गच्चीवर असताना मोबाइल वाजला. "काका, विमानातून लिहितेय. खाली दिवेच दिवे आहेत, कल्याण-बदलापूर असावं. उतरायला लागलोय, इंटरनेट आता बंद होईल." मी लिहिलं, "गच्चीतच आहे. कुठला दिवा तुझा?" माझ्या ओळीपुढे एकच खूण उमटली. दुसरी आली नाही.

ती पोरगी त्या क्षणी माझ्यापासून सरळ रेषेत फार तर दहा-पंधरा किलोमीटरवर असेल. तिच्या शब्दांना मात्र फार मोठा फेरा पडला. विमानाच्या पाठीवर एक उंचवटा असतो, त्याखाली अँटेना दडलेला असतो. तिथून शब्द निघाला तो विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच असलेल्या उपग्रहाकडे. उपग्रहाने तो तितकाच खाली, जमिनीवरच्या एका डिशकडे पाठवला. डिशपासून केबलने, मग बदलापुरातल्या एखाद्या टॉवरवरून, माझ्या हातात. दहा-पंधरा किलोमीटरचं अंतर कापायला बहात्तर हजार किलोमीटरची वाट, आणि तरीही डोळ्याचं पातं लवायच्या आत निरोप पोचला.

त्या रात्री माझ्या मनात घोळत राहिली ती या वाटेतली एकच जागा. आभाळातला शब्द जमिनीला टेकतो ती. ती कुठे असावी, कोणाच्या मालकीची असावी, तिथे कोणाला कान लावता यावा, याच प्रश्नांनी भारतातल्या विमानांत इंटरनेट यायला इतकी वर्षं घेतली. यंत्र तर कधीच तयार होतं. शोधायला लागलो तेव्हा कळलं, की शब्द टेकण्याच्या अशा जागांची मोठी परंपरा आपल्या महाराष्ट्रातच आहे, आणि तिची सुरुवात आमच्याच रुळांवर पुढे कुठेतरी आहे.

आमची कर्जत लाइन १८५६मध्ये सुरू झाली. बदलापूर सोडून गाडी पुढे गेली की कर्जत, मग बोरघाट, लोणावळा, आणि पुण्याच्या आधी खडकी. पुण्यानंतर दौंड. डेक्कन क्वीन १९३०पासून बदलापूरला न थांबता धडधडत जाते. तिच्या खिडकीतून खडकी दिसतं ते लष्कराचं आणि दारूगोळ्याच्या कारखान्याचं. पण १९२७मध्ये या खडकीचं नाव लंडनच्या तारखात्यात रोज घेतलं जाऊ लागलं होतं. मार्कोनीच्या पद्धतीची शॉर्टवेव्ह 'बीम' सेवा त्या वर्षी हिंदुस्थान आणि इंग्लंडदरम्यान सुरू झाली. बिनतारी संदेश पाठवणारं केंद्र खडकीला, घेणारं केंद्र दौंडला. पाठवणारं आणि घेणारं केंद्र एकाच जागी ठेवलं तर स्वतःच्याच गडगडाटात दूरचा बारीक आवाज ऐकू येत नाही, म्हणून दोन्हींत एवढं अंतर. तोवर समुद्रतळातल्या केबलांवर अवलंबून असलेला शब्द आता हवेतून येऊन दौंडच्या माळावर उतरू लागला. व्यापाऱ्यांचे भाव, सरकारी हुकूम, कुणाच्या घरची मरणवार्ता, सगळं त्या माळावरून मुंबईला जायचं.

या पार्श्वभूमीवर १५ ऑक्टोबर १९३२ची सकाळ पाहावी. कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून जे. आर. डी. टाटा एकटेच पस मॉथ जातीचं छोटं विमान घेऊन निघाले. बरोबर टपालाची पोती. वाटेत अहमदाबादला इंधन घेतलं; पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणलेले होते. दुपारी ते जुहूला उतरले. तिथून टपाल घेऊन नेव्हिल विन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासकडे गेले. हिंदुस्थानी विमानसेवेचा हा पहिला दिवस शाळेच्या पुस्तकात आपण वाचलेला असतो. पुस्तकात सहसा नसतं ते हे, की त्या विमानात रेडिओ नव्हता. कराची सोडल्यापासून अहमदाबादेत चाकं टेकेपर्यंत, आणि तिथून जुहूपर्यंत, जगातला कोणीही त्या माणसाशी बोलू शकत नव्हता. वादळ येतंय हे सांगायची सोय नव्हती, इंजिन कुरकुरतंय हे कळवायची सोय नव्हती. जुहूला थांबलेल्या माणसांनी आभाळाकडे डोळे लावायचे, बस.

त्या काळात लंडनहून दौंडला शब्द क्षणात येत होता, पण डहाणूवरून जाणाऱ्या विमानाला जुहूहून साधी हाक घालता येत नव्हती. हजारो मैलांची दरी बुजली होती आणि साठ-सत्तर मैलांची तशीच राहिली होती. कारण खडकीच्या यंत्राला उंचच उंच मनोरे, इमारती आणि वीज लागायची. एकट्या माणसाने चालवायच्या छोट्या विमानात ते वजन मावणं अशक्य. पुढच्या नव्वदएक वर्षांतल्या विमानातल्या संभाषणाचा इतिहास बराचसा हाच आहे: जमिनीवर जे सहज जमतं ते हलकं आणि लहान करून विमानात चढवायचं.

जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखलाने भरायचं, म्हणून त्या महिन्यांत टाटांची टपालसेवा पुण्याहून चालायची. कराचीहून येणारं विमान सह्याद्री ओलांडून जाताना कधी ढगांतून इकडच्या भातखाचरांवरून गेलं असेल का, हा विचार मला आवडतो. आणि कराचीचं नाव घेतलं की उल्हासनगर आठवल्याशिवाय राहत नाही. पंधरा वर्षांनी त्याच कराचीतून हजारो सिंधी कुटुंबं जहाजांनी मुंबईला आली आणि कल्याणच्या लष्करी छावणीत राहिली. १९४९मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. मागे राहिलेल्या नातेवाइकांचं पत्र कधी येईल याची वाट त्या बराकींत किती जणांनी पाहिली असेल! दूर गेलेल्या माणसाची खबर वेळेवर न मिळणं म्हणजे काय, हे आमच्या पट्ट्याला कुणी वेगळं सांगायला नको.

पुढे विमानं मोठी झाली आणि त्यांत रेडिओ आला. पण तो वैमानिकांसाठी. ८ जून १९४८ला 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेलं, तेव्हा पुढे बसलेल्या चालकवर्गाचा जमिनीशी संबंध होता. मागे बसलेल्या प्रवाशाचा नव्हता. प्रवाशाला घरी कळवायचं तर उतरल्यावर तार करायची. ही तारेची सवय आपल्याकडे फार खोल रुजली. "सुखरूप पोचलो" या दोन शब्दांसाठी माणसं परक्या शहरात आधी तारघर शोधत.

वैमानिकांचा रेडिओही किती नाजूक धागा होता, हे २४ जानेवारी १९६६ला कळलं. एअर इंडियाचं 'कांचनजंगा' मुंबईहून लंडनला निघालेलं, त्यात होमी भाभा होते. जिनिव्हाकडे उतरताना विमानाची जागा दाखवणाऱ्या उपकरणांपैकी एक बंद होतं. वैमानिकाला वाटलं आपण माँ ब्लाँ ओलांडला. जमिनीवरच्या नियंत्रकाने रडारवर पाहून ती समजूत दुरुस्त करणारे शब्द उच्चारले, पण ते नेमके कळले नाहीत. विमान शिखरावर आदळलं, ११७ जण गेले. पुढे २०१२मध्ये तिथल्या हिमनदीतून भारताच्या परराष्ट्र खात्याच्या टपालाची एक पिशवी बाहेर आली. शेहेचाळीस वर्षं बर्फात अडकून पडलेले कागद. विमान आणि जमीन यांच्यातल्या शब्दाबद्दल लिहिताना मला ही पिशवी डोळ्यांसमोरून हलवता येत नाही.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी शब्द टेकण्याची जागा दौंडहून हलली. बदलापूरहून मुरबाड गाठून माळशेज घाट चढलं आणि ओतूर मागे टाकून नारायणगावकडे गेलं की जवळच आर्वी हे गाव लागतं. विदेश संचार सेवेने तिथे उपग्रह केंद्र उभारलं. डोंगरांच्या मधोमध मोठी पांढरी डिश, हिंदी महासागरावरच्या उपग्रहाकडे तोंड करून. विक्रम साराभाईंचं नाव त्या केंद्राला दिलं गेलं. जागा विचार करूनच निवडली होती: शहराच्या विद्युत कलकलाटापासून दूर, भोवती डोंगरांची भिंत. शॉर्टवेव्हवरचा परदेशचा फोन समुद्राच्या लाटेसारखा चढायचा आणि उतरायचा. आर्वीमुळे तो स्वच्छ ऐकू येऊ लागला. द्राक्षांच्या आणि कांद्याच्या त्या मुलखात परदेशात गेलेल्या माणसांचे आवाज आभाळातून उतरत होते. भारताच्या दळणवळणाच्या इतिहासात आर्वीला जी जागा मिळायला हवी ती मराठी माणसानेही तिला दिलेली नाही, असं मला वाटतं.

१९८६मध्ये विदेश संचार सेवेचं विदेश संचार निगम झालं, आणि १५ ऑगस्ट १९९५ला याच निगमाने भारतीय जनतेसाठी इंटरनेट खुलं केलं. टेलिफोनच्या तारेवरून किरकिरत जोडणारा मोडेम, थेंबाथेंबाने येणारी अक्षरं. तेव्हा घरातच इंटरनेट म्हणजे चैन होती. विमानातलं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

परदेशात मात्र प्रयोग सुरू झालेले होते. अमेरिकेत १९८४पासूनच विमानात पैसे भरून वापरायचा फोन आला होता. बोइंग कंपनीने २०००मध्ये विमानांसाठी उपग्रहावरून इंटरनेट देण्याची योजना जाहीर केली. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर अमेरिकी विमान कंपन्या खर्चाला घाबरून बाजूला झाल्या, पण लुफ्तान्साने धीर सोडला नाही. १७ मे २००४ला म्युनिकहून लॉस एंजेलिसला गेलेल्या विमानात प्रवाशांनी पहिल्यांदा नियमित फेरीवर इंटरनेट वापरलं. यंत्रणा जड होती, महाग होती, आणि पुरेसे लोक पैसे मोजायला तयार नव्हते. २००६च्या अखेरीस बोइंगने ती बंद केली. दोनच वर्षांत दुसऱ्या वाटेने ती परत आली. अमेरिकेत जमिनीवरच्या मोबाइल टॉवरांची तोंडं आभाळाकडे करून २००८मध्ये विमानांना इंटरनेट दिलं गेलं. समुद्रावर टॉवर उभारता येत नाही, म्हणून लांबच्या प्रवासाला उपग्रहच हवा. २० मार्च २००८ला दुबईहून कॅसाब्लांकाला जाणाऱ्या एमिरेट्सच्या विमानातून रीतसर परवानगीने मोबाइलवरून पहिला फोन झाला.

म्हणजे २००८ साली यंत्राचा प्रश्न जगात सुटलेला होता. आखातातून मुंबईला येणारी माणसं त्याच विमानांतून येत होती. रत्नागिरीचे, रायगडचे, उल्हासनगरचे, आमच्या बदलापूरचेही. दुबई सोडल्यावर समुद्रावरून घरी निरोप जायचा, आणि मग भारताची हवाई हद्द आली की केबिन क्रू सांगायचे, आता सेवा बंद. आभाळात रेघ आखलेली नसते. पण पडद्यावरचं चिन्ह विझायचं आणि प्रवाशाला कळायचं, आपण मायदेशात शिरलो. सगळीकडे चालणारी गोष्ट घराजवळ आल्यावर बंद पडायची, याची खंत मी परदेशातून आलेल्या अनेकांच्या तोंडून ऐकली आहे.

ती का बंद पडायची, याचं मूळ १८८५मध्ये आहे. त्या वर्षीच्या भारतीय तार कायद्याने तारयंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा एकाधिकार सरकारकडे ठेवला, आणि सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणाने संदेश अडवण्याचा, पाहण्याचा अधिकारही. तारयंत्राची व्याख्या इतकी ऐसपैस होती की पुढे टेलिफोन, रेडिओ, मोबाइल, इंटरनेट सगळं तिच्या पोटात मावलं. १९३३च्या बिनतारी कायद्याने यंत्र जवळ बाळगायलाही परवाना लागू केला. शिवाय १९३७च्या विमान नियमांतला २९-ब हा नियम उड्डाणात प्रवाशांच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांना आडवा येत होता. आभाळातलं विमान परदेशी उपग्रहाशी बोलतंय आणि तो उपग्रह परदेशातल्या डिशशी बोलतोय, म्हणजे भारताच्या डोक्यावरून एक संभाषण चाललंय आणि भारतीय कायद्याचा हात त्याला लागत नाही. दिल्लीतल्या अधिकाऱ्यांना हे मान्य होण्यासारखं नव्हतं.

आणि मग २६ नोव्हेंबर २००८. मुंबईत शिरलेल्या मारेकऱ्यांना सीमेपलीकडून फोनवर सूचना मिळत होत्या. 'कुबेर' या मच्छीमार बोटीवर उपग्रह फोन सापडला. त्या तीन दिवसांत इंटरनेटवरून जाणाऱ्या आवाजाचा मागोवा घेताना तपास यंत्रणांची किती दमछाक झाली, ते मुंबईने पाहिलं. आमच्या गाड्यांमधली माणसं त्या रात्री सीएसटीवर होती. उपग्रहावरून जाणाऱ्या कुठल्याही संभाषणाकडे सरकार त्यानंतर जास्तच सावधपणे पाहू लागलं, याचं नवल वाटत नाही. विमानातल्या इंटरनेटला झालेल्या उशिराबद्दल सरकारला बोल लावणारे बरेच भेटतात. त्यांनी हे वर्ष विसरू नये. शब्द आपल्या भूमीवर टेकला पाहिजे ही मागणी मला रास्त वाटते. ती पूर्ण करायची वाट शोधायला दहा वर्षं लागली, हे मात्र रास्त नाही.

दहा वर्षं, कारण प्रत्येक खात्याकडे एकेक किल्ली होती. विमान नागरी विमान मंत्रालयाचं, लहरी दूरसंचार विभागाच्या, उपग्रह अंतराळ विभागाचा, सुरक्षा गृह मंत्रालयाची. एप्रिल २०१४मध्ये नागरी विमान महासंचालनालयाने फ्लाइट मोडवर ठेवलेली उपकरणं प्रवासभर वापरायला मुभा दिली, हे पहिलं पाऊल. म्हणजे विमानात चित्रपट पाहा, पत्र लिहून ठेवा, पाठवू मात्र नका. मधल्या काळात बीएसएनएलने तारसेवा बंद केली होती. १४ जुलै २०१३च्या रात्री देशभरच्या तारघरांत लोकांनी शेवटच्या तारा करायला रांगा लावल्या. तार गेली. तारेचा कायदा राहिला.

२०१७च्या ऑगस्टमध्ये दूरसंचार विभागाने हा प्रश्न दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे ट्रायकडे, सोपवला. १९ जानेवारी २०१८ला ट्रायने शिफारशी दिल्या. त्यांतली एक लक्षात राहण्यासारखी: ही सेवा देणाऱ्याकडून वर्षाला फक्त एक रुपया नाममात्र परवाना शुल्क घ्यावं. १ मेला दूरसंचार आयोगाने होकार दिला आणि १४ डिसेंबर २०१८ला राजपत्रात नियम आले. विमान आणि जहाज या दोन्हींसाठीचे. त्यांचा आधार? १८८५चा तार कायदा, कलम सात. इंग्रजांच्या अमदानीत घोडागाडीतून फिरणाऱ्या अंमलदारांनी केलेल्या कायद्याच्या बोटाला धरून भारतीय विमानात इंटरनेट आलं.

त्या नियमांचा गाभा दोन अटींत आहे. पहिली अट, विमानातला सगळा संदेशव्यवहार भारताच्या भूमीवरच्या केंद्रातून गेला पाहिजे, आणि उपग्रहाला अंतराळ विभागाची संमती हवी. म्हणजे खडकी-दौंडचा आणि आर्वीचाच धडा नव्या कागदावर. दुसरी अट, भारतीय हद्दीत विमान किमान तीन हजार मीटर उंचीवर असल्याशिवाय सेवा सुरू करायची नाही. एवढ्या उंचीवर जमिनीवरच्या मोबाइल जाळ्याशी गोंधळ होत नाही, आणि चढण्या-उतरण्याच्या नाजूक वेळी वैमानिकांना व प्रवाशांना सगळं लक्ष देता येतं. मी कागदावर हिशेब केला. विमानतळ आमच्यापासून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. उतरणारं विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येतं, म्हणजे दर किलोमीटरला पन्नासेक मीटर. त्या मापाने आमच्या बाजूला ते दोन ते तीन हजार मीटरांच्या दरम्यान असणार. राजपत्रातली ती अदृश्य रेघ मांजर्लीच्या आसपासच्या आभाळातूनच जाते.

परवाना मिळाला तरी विमानात यंत्र बसायला आणि कायद्याची शेवटची गाठ सुटायला वेळ गेला. २०२०च्या आरंभी विमान नियमांत दुरुस्ती होऊन उड्डाणात वाय-फाय वापरू देण्याचा अधिकार विमानाच्या कप्तानाला मिळाला. लगेच करोना आला, विमानं जमिनीवर बसली. त्या अवघड वर्षात, सप्टेंबर २०२०मध्ये, विस्तारा या कंपनीने आपल्या ड्रीमलायनर विमानांत इंटरनेट सुरू केलं. भारतीय विमान कंपनीने दिलेली ही पहिली सेवा. दिल्ली-लंडन फेरी नुकतीच सुरू झालेली. प्रवासी मास्क लावून, चेहऱ्यावर प्लास्टिकची ढाल घेऊन बसलेले. कुणी अडकून पडलेल्या मुलांकडे चाललेलं, कुणी आजारी आईकडे. अशा माणसांना घरचा निरोप वाटेतच मिळणं ही केवढी गोष्ट होती! त्याच महिन्यात जिओने परदेशी कंपन्यांच्या विमानांत मोबाइल सेवेचे पॅक जाहीर केले, ४९९ रुपयांपासून पुढे.

विस्ताराची सेवा पॅनासोनिक एव्हियॉनिक्स आणि नेल्को या दोन कंपन्यांच्या जोडीने चालली. त्यासाठी पॅनासोनिकने इस्रोच्या जीसॅट-१४ उपग्रहावर जागा घेतली होती. भारतीय बनावटीच्या क्रायोजेनिक इंजिनाने ५ जानेवारी २०१४ला वर नेलेला हा उपग्रह. आणि नेल्को? तिचं मुख्यालय नवी मुंबईत, महापेला. बदलापूरहून रोज सकाळी ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर पकडणारी, घणसोली-कोपरखैरणेला उतरून रिक्षा करणारी असंख्य माणसं ज्या एमआयडीसीत जातात, तिथे. १९४०मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने एकेकाळी घराघरांतले रेडिओ बनवले. १९७१मध्ये ती डबघाईला आलेली असताना रतन टाटांना तिची जबाबदारी दिली गेली. रेडिओचा धंदा गेला, पण कंपनी तगली आणि उपग्रह दळणवळणात शिरली. बिनरेडिओच्या विमानातून जुहूला उतरलेल्या माणसाच्याच उद्योगसमूहात हे चक्र फिरत राहिलं: २००२मध्ये विदेश संचार निगम टाटांकडे आलं, १९५३मध्ये राष्ट्रीयीकरण झालेली एअर इंडिया जानेवारी २०२२मध्ये परतली, १२ नोव्हेंबर २०२४ला विस्तारा तिच्यात विलीन झाली. आणि १ जानेवारी २०२५पासून एअर इंडियाने आपल्या काही एअरबस आणि बोइंग विमानांत, देशांतर्गत फेऱ्यांवरही, विनामूल्य इंटरनेट द्यायला सुरुवात केली. माझ्या पुतणीचा निरोप त्याच महिन्यातला.

पुढचं काम मोठं आहे. देशातल्या बहुतेक देशांतर्गत विमानांत अजून ही सोय नाही. १९ नोव्हेंबर २०२४ला इस्रोचा ४,७०० किलो वजनाचा जीसॅट-एन२ उपग्रह अमेरिकेतून फाल्कन-९ यानाने गेला, कारण एवढं वजन त्या कक्षेत नेणारं यान आपल्याकडे नव्हतं. सेकंदाला ४८ गिगाबिट एवढी त्याची क्षमता, ३२ झोत भारतावर रोखलेले, आणि त्याच्या कामांत विमानातलं इंटरनेट आधीपासून गृहीत धरलेलं. दुसरीकडे पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवरून फिरणाऱ्या हजारो छोट्या उपग्रहांचं जाळं येतंय. ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहामार्गे शब्द जाऊन उत्तर परत यायला लागणारा अर्ध्या सेकंदाचा विलंब त्यात जवळजवळ नाहीसा होतो. तार कायद्याची जागा घेणारा दूरसंचार कायदा २०२३मध्ये संसदेने मंजूर केला आहे. त्या सगळ्यातही डिश कुठे लावायची, हा प्रश्न दर वेळी पहिल्या पानावर येतोच आहे.

आर्वीला मी गेल्या पावसाळ्यानंतर जाऊन आलो. माळशेजचे धबधबे आटत आलेले, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बाजरीची कणसं. नारायणगावच्या बाजारात चहा पिताना एका वयस्कर शेतकऱ्याला विचारलं, आर्वीच्या डिशबद्दल काय आठवतं? ते म्हणाले, "आम्ही पोरं होतो. आमचे वडील सांगायचे, तिथं देवाची पत्रं उतरतात." मग थोडं थांबून म्हणाले, "माझा नातू जर्मनीला असतो. आता विमानात बसला की बसलो म्हणतो, उतरायच्या आधी उतरतोय म्हणतो. त्याच्या आजीला झोप लागते."

जानेवारीतल्या त्या संध्याकाळी मी गच्चीवरच थांबलो. दक्षिणेचे दिवे एकेक करून पश्चिमेला गेले. त्यांतला कुठला तिचा हे कळायला मार्ग नव्हता. वीस-बावीस मिनिटांनी माझ्या ओळीपुढे दुसरी खूण उमटली, मग दोन्ही निळ्या झाल्या. "उतरले. शेवटून दुसरा होता बहुतेक. घाटकोपरला जाऊन गाडी पकडते." दोन तासांनी पुन्हा मोबाइल वाजला, तेव्हा ती गर्दीच्या लोकलमध्ये दाराशी उभी होती. फक्त दोन शब्द होते: "अंबरनाथ सोडलं."

मी खाली जाऊन भाताचा कुकर लावला.